जुन्या व्हॉल्व्ह संचांतील निकामी भागांपासून आरोग्याला होणारा धोका: काय ठेवावे, काय काढावे?

ध्वनिलहरी (मूळ प्रश्न)

नमस्कार. माझ्या दिवंगत काकांनी आयुष्यभर जमवलेली जुनी इलेक्ट्रॉनिक उपकरणे आता माझ्याकडे आली आहेत. त्यात दोन व्हॉल्व्हचे (ट्रान्झिस्टरपूर्वीच्या काचेच्या नळ्यांचे) रेडिओ, एक व्हॉल्व्हचा टेपरेकॉर्डर, एक लहान ऑसिलोस्कोप (विद्युत लहरी पडद्यावर दाखवणारे यंत्र), एक बॅटरी चार्जर आणि एकेकाळी अंधारात चमकणाऱ्या काट्यांचे एक लष्करी बनावटीचे मीटर आहे. काका ही उपकरणे शेवटपर्यंत वापरत होते, त्यामुळे ती चालू स्थितीतील आहेत असेच घरात सर्वजण धरून चालले होते.

गेल्या आठवड्यात चार्जर नेहमीप्रमाणे चालू असताना त्यातून अचानक अतिशय उग्र दुर्गंधी येऊ लागली. कुजलेला मुळा आणि लसूण यांच्या मिश्रणासारखा तो वास होता. प्लग काढून चार्जर गच्चीवर ठेवला, तरी खोलीत वास बराच वेळ रेंगाळला आणि मला व पत्नीला डोकेदुखी जाणवली. आत पाहिले असता, चौकोनी पातळ पत्र्यांची एका दांड्यावर ओवलेली चळत दिसते आणि तिचे दोन-तीन पत्रे काळे पडलेले आहेत.

त्यानंतर बाकीच्या उपकरणांची मागची झाकणे प्लग काढून उघडून पाहिली. ऑसिलोस्कोपमधील एका पत्र्याच्या डबीवजा कपॅसिटरच्या (वीजभार साठवणाऱ्या भागाच्या) टोकाशी चिकट तेल पाझरले आहे. एका रेडिओत मोठ्या रेझिस्टरच्या मागे राखाडी, तंतुमय कागदासारखा तुकडा लावलेला आहे आणि त्याच्या कडा सुटत आहेत. त्याच रेडिओची मेन्सची (घरच्या वीजपुरवठ्याची) तार चालू असताना गरम होते, असे काका म्हणत असल्याचे आठवते. घरात रांगणारे मूल आहे. ही उपकरणे टाकून द्यावीत असे मनात नाही, पण आरोग्याशी तडजोडही करायची नाही. यातील कोणता धोका खरा आहे, कोणता किरकोळ आहे आणि कशाला हात लावू नये, हे जाणकारांनी कृपया सविस्तर सांगावे.

जुना_दुरुस्तीकार

वासाबद्दल रसायनशास्त्राचे जाणकार लिहितीलच. मला आधी विजेबद्दल लिहायचे आहे, कारण या उपकरणांतील विषे बहुधा सावकाश अपाय करतात, पण शॉक तेवढा वेळ देत नाही. शिवाय जुन्या संचांमध्ये शॉकचा धोका निर्माण होतो तो मुख्यतः जीर्ण झालेल्या भागांमुळेच, म्हणून तो आपल्या प्रश्नाच्या बाहेरचा नाही.

गरम होणाऱ्या तारेच्या रेडिओपासून सुरुवात करतो. आपल्या वर्णनावरून तो मेन्स ट्रान्सफॉर्मर नसलेला संच आहे. अशा संचात सर्व व्हॉल्व्हचे हीटर (व्हॉल्व्ह आतून तापवणाऱ्या तारा) एकामागे एक जोडून थेट मेन्सवर चालवलेले असतात आणि चासी (सर्व भाग बसवलेला धातूचा सांगाडा) मेन्सच्या एका तारेला जोडलेली असते. प्लग उलटा बसला, की संपूर्ण चासीत करंट उतरतो. प्लग बरोबर बसवला तरीही निश्चिंत राहता येत नाही, कारण चालू-बंदचा स्विच चासीकडे जाणाऱ्या तारेत असेल, तर रेडिओ बंद केल्यावर हीटरांच्या साखळीतून येणारी फेज चासीवर पोहोचते आणि चालू असताना निरुपद्रवी वाटणारा संच बंद असताना शॉक देतो. लाकडी पेटी आणि नॉब हेच त्या काळी संरक्षण होते. नॉब निघाला, नॉब घट्ट धरणारा छोटा स्क्रू उघडा पडला किंवा मागचे झाकण हरवले, की ते संरक्षण संपते. घरात लहान मूल असताना हा संच, तो पूर्ण तपासून घेईपर्यंत, प्लगमध्ये घालूच नये.

ट्रान्सफॉर्मर असलेल्या संचातही एक फसवा भाग असतो. गुणगुण कमी करण्यासाठी मेन्सची तार आणि चासी यांच्यामध्ये एक लहान कागदी कपॅसिटर लावलेला असे. कागद ओलावा शोषतो, आणि अनेक दशकांनंतर हा कपॅसिटर गळू लागतो, म्हणजे त्यातून थेट विद्युतप्रवाह वाहू लागतो. तो पूर्ण शॉर्ट झाला, तर अर्थिंग नसलेल्या संचाची चासी मेन्सच्या व्होल्टेजवर जाते. त्याजागी फक्त वाय वर्गाचा सुरक्षा कपॅसिटर लावावा. तो निकामी झालाच, तर शॉर्ट न होता उघडा पडावा अशा रीतीने बनवलेला असतो. मेन्सच्या दोन तारांमध्ये आडवा लागतो तो एक्स वर्गाचा. या दोहोंची अदलाबदल करू नये.

कागदी कपॅसिटरांचे गळणे आणखी एका ठिकाणी महागात पडते. आउटपुट व्हॉल्व्हच्या ग्रिडपाशी (प्रवाह नियंत्रित करणाऱ्या जाळीपाशी) असलेला कपलिंग कपॅसिटर गळू लागला, की ग्रिडवर धन व्होल्टेज येते, व्हॉल्व्ह प्रमाणाबाहेर प्रवाह खेचतो आणि आउटपुट ट्रान्सफॉर्मर व मेन्स ट्रान्सफॉर्मर दोन्ही तापतात. आवाज थोडा फाटका येतो, पण रेडिओ वाजत राहतो, आणि आत मात्र वार्निश व डांबर भाजत असते. त्या धुराने श्वासाला त्रास होतोच, आगही लागू शकते. म्हणून ‘वाजतो आहे ना, मग चालू दे’ हा युक्तिवाद मला कधीच मान्य झालेला नाही.

आपला टेपरेकॉर्डर उशिराच्या काळातला असेल, तर मेन्सच्या प्रवेशापाशी पारदर्शक, पिवळसर रेझिनमध्ये बंद केलेला चौकोनी कपॅसिटर आहे का, ते पाहावे. त्याच्या आवरणाला बारीक तडे जातात, आतल्या कागदात दमटपणा शिरतो आणि एके दिवशी तो दाट, डोळ्यांना झोंबणारा धूर सोडतो. काही यंत्रांत तो स्विचच्या आधी जोडलेला असतो, त्यामुळे यंत्र बंद असूनही हे घडू शकते. तडे दिसोत वा न दिसोत, तो बदलावाच.

साठलेल्या विजेबद्दलही लिहितो. ४०० व्होल्टवर भरलेल्या १०० मायक्रोफॅरडच्या फिल्टर कपॅसिटरमध्ये ८ जूल ऊर्जा असते, आणि ती हृदयातून गेली तर जिवावर बेतू शकते. ती आपोआप निचरावी म्हणून लावलेला ब्लीडर रेझिस्टर जुना झाल्यावर तुटलेला असू शकतो, म्हणून त्याच्यावर विसंबू नये. १० किलोओहमचा, किमान ५ वॅटचा वायरवाउंड रेझिस्टर इन्सुलेटेड क्लिपने जोडून १०-१५ सेकंद धरावा आणि नंतर मीटरने व्होल्टेज मोजूनच हात घालावा. स्क्रूड्रायव्हरने शॉर्ट करण्याच्या पद्धतीत ठिणगी डोळ्यात उडते आणि कपॅसिटरही खराब होतो. एकदा निचरा केल्यावरही डायइलेक्ट्रिकमध्ये (कपॅसिटरच्या आतील विद्युतरोधक थरात) मुरलेला विद्युतभार काही वेळाने थोडेफार व्होल्टेज परत आणतो, त्यामुळे काम संपेपर्यंत रेझिस्टर जोडलेला ठेवणे उत्तम.

ऑसिलोस्कोपबाबत विशेष काळजी घ्यावी. जुन्या रचनांमध्ये चित्रनळीचा कॅथोड बहुधा उणे एक-दोन हजार व्होल्टवर असतो, त्यामुळे नळीच्या मागचा सॉकेटच नव्हे, तर फोकस आणि तेजस्वितेचे पोटेन्शिओमीटरसुद्धा त्या व्होल्टेजवर असतात.

दुरुस्तीनंतर संच प्रथम सिरीज बल्बवर, म्हणजे मेन्सच्या एका तारेत मध्ये बल्ब जोडून, चालू करावा आणि त्यासाठी तारेचा बल्बच घ्यावा, एलईडी चालत नाही. आत शॉर्ट असेल तर बल्ब पूर्ण तेजाने पेटतो आणि प्रवाह मर्यादेत राहतो. मात्र सिरीज बल्ब शॉकपासून वाचवत नाही, आणि व्हेरिअ‍ॅकही वाचवत नाही, कारण तो एकाच गुंडाळीचा ट्रान्सफॉर्मर (ऑटोट्रान्सफॉर्मर) असल्याने व्होल्टेज कमी करतो पण मेन्सपासून अलग करत नाही. अलगतेसाठी स्वतंत्र आयसोलेशन ट्रान्सफॉर्मरच लागतो.

क्षार

चार्जरमधील पत्र्यांची चळत म्हणजे सेलेनियम रेक्टिफायर (एसीचे डीसी करणारा भाग), याबद्दल शंका नाही. सिलिकॉन डायोड स्वस्त होईपर्यंत, साधारण १९३० ते १९६० च्या दशकांपर्यंत, चार्जर, रेडिओ आणि दूरचित्रवाणी संचांत तो सर्रास वापरला जाई. धातूच्या पत्र्यावर सेलेनियमचा पातळ थर दिलेला असतो. वय वाढते तसा त्याचा अंतर्गत रोध वाढतो, त्यामुळे उष्णता वाढते, आणि अखेरीस एखादा पत्रा जळतो. त्यावेळी सेलेनियम डायऑक्साइड आणि काही प्रमाणात हायड्रोजन सेलेनाइडसारखी संयुगे बाहेर पडतात. आपण वर्णिलेला वास त्यांचाच आहे.

हा वास केवळ नकोसा नाही, तो विषारी वायूचा आहे, हे स्पष्टपणे सांगायला हवे. हायड्रोजन सेलेनाइडसाठी कामाच्या जागी मान्य असलेली मर्यादा दहा लाख भागांत केवळ ०.०५ भाग इतकी कमी आहे. डोळे, नाक व घसा चुरचुरणे, डोकेदुखी, तोंडात धातूची चव आणि श्वासाला लसणासारखा वास ही संपर्काची लक्षणे आहेत. यात सर्वांत घातक गोष्ट अशी, की या वायूने घ्राणशक्ती थकते, म्हणजे वास येईनासा झाला याचा अर्थ वायू निघून गेला असा होत नाही. म्हणून पहिल्याच क्षणी प्लग काढून, खिडक्या उघडून, सर्वांनी खोलीबाहेर पडावे आणि बराच वेळ हवा खेळू द्यावी. एकदा थोडक्यात झालेल्या संपर्काची डोकेदुखी सहसा उतरते. तथापि छातीत घट्टपणा, खोकला किंवा धाप ही लक्षणे काही तासांनी उद्भवू शकतात, कारण फुप्फुसात पाणी साठण्याची क्रिया उशिरा सुरू होते. तसे काही वाटल्यास लगेच डॉक्टरांकडे जावे आणि सेलेनियमच्या धुराशी संपर्क आला होता हे आवर्जून सांगावे. मुलाच्या बाबतीत तर लक्षणांची वाट न पाहता डॉक्टरांचा सल्ला घेतलेला बरा.

चार्जर पुन्हा चालू करू नये. चळत काढताना ती अखंड काढावी. पत्रे सुटे करणे, घासणे किंवा कापणे टाळावे. काळी पडलेली भुकटी ओल्या कागदाने टिपून, कागदासह पिशवीत बंद करावी. तिच्या जागी सिलिकॉन डायोड बसवता येतात, पण सेलेनियमच्या प्रत्येक पत्र्यावर सुमारे एक व्होल्ट खर्च होत असे, तर सिलिकॉनमध्ये संपूर्ण डायोडवर जेमतेम तेवढाच होतो. परिणामी पुढचे व्होल्टेज वाढते, आणि रेडिओसारख्या संचात ते फिल्टर कपॅसिटरांच्या मर्यादेपलीकडे जाऊ शकते. त्यासाठी योग्य वॅटेजचा रेझिस्टर सिरीजमध्ये लावावा लागतो. हा रेझिस्टर न लावता केलेल्या बदलांमुळे पुढे इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर फुटतात, आणि फुटणाऱ्या डबीसमोर डोळे असणे हा वेगळाच अपघात आहे.

आता पाझरणाऱ्या तेलाकडे वळतो. माझ्या मते आपल्या यादीत चार्जरनंतर सर्वाधिक गांभीर्याने घ्यावी अशी वस्तू ती आहे. उच्च व्होल्टेजच्या जुन्या तेलभरित कपॅसिटरांत पॉलिक्लोरिनेटेड बायफेनिल या वर्गातील तेले वापरली जात, कारण ती सहजी पेट घेत नाहीत आणि फार टिकतात. नेमका हाच टिकाऊपणा शरीरात आणि निसर्गात घातक ठरला. अमेरिकेने १९७९ मध्ये त्यांच्या उत्पादनावर बंदी घातली, आणि २००१ मध्ये स्वीकारलेल्या स्टॉकहोम कराराने अशी उपकरणे २०२५ पर्यंत वापरातून काढण्याचे व २०२८ पर्यंत त्या कचऱ्याची सुरक्षित विल्हेवाट लावण्याचे उद्दिष्ट ठेवले. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१३ मध्ये त्यांचा समावेश माणसात कर्करोग घडवणाऱ्या द्रव्यांच्या पहिल्या गटात केला. हे तेल त्वचेतूनही शरीरात शिरते. तापल्यावर त्यातून अधिक विषारी डायबेन्झोफ्युरान तयार होतात, आणि १९६८ मध्ये जपानमध्ये तांदळाच्या कोंड्याच्या तेलात ही भेसळ होऊन जी सामूहिक विषबाधा झाली, तिच्यात या तापून बनलेल्या द्रव्यांचा वाटा मोठा होता.

डबीवर हे तेल नसल्याचे स्पष्ट लिहिलेले नसेल आणि ती १९८० च्या आधीची असेल, तर तेल तेच आहे असे समजून वागावे. नायट्राइलचे हातमोजे घालावेत, तेल कागदाने टिपावे, जागा स्पिरिटने पुसावी आणि हातमोजे, कागद व कपॅसिटर एकत्र दुहेरी पिशवीत बंद करावे. त्वचेला लागल्यास साबण-पाण्याने लगेच धुवावे. गळती असलेला ऑसिलोस्कोप मुलाच्या वावराच्या खोलीत अजिबात ठेवू नये.

याला जोडूनच एक इशारा द्यावासा वाटतो. रेडिओचे मूळ रूप राखण्यासाठी जुन्या कागदी कपॅसिटरांचे मेण वितळवून, आतले काढून, त्या नळीत नवा कपॅसिटर बसवण्याची पद्धत संग्राहकांत रूढ आहे. हेतू चांगला आहे. परंतु १९३० व ४० च्या दशकांत या मेणासाठी क्लोरिनेटेड नॅफ्थलीन वापरले जात असे, आणि ते तापवणाऱ्या कारखान्यांतील कामगारांना त्वचेवर चिवट फोड, तर काहींना यकृताचे जीवघेणे आजार झाले होते. स्वयंपाकघरातील ओव्हनमध्ये किंवा बंद खोलीत हीटगनने हे मेण वितळवणे कोणीही करू नये. कपॅसिटर नवा दिसतो, एवढ्यावर समाधान मानावे.

काचनळी

वरील दोन्ही प्रतिसादांशी सहमत आहे. राखाडी तुकडा आणि चमकणारे मीटर राहिले आहे, त्याविषयी लिहितो.

तंतुमय कागद बहुधा अ‍ॅस्बेस्टॉस आहे. गरम रेझिस्टर, व्हॉल्व्ह आणि डायलचे दिवे यांच्यापासून लाकडी पेटी वाचवण्यासाठी तो लावत असत. अ‍ॅस्बेस्टॉसचा धोका हवेत उडालेले तंतू श्वासातून आत जाण्यात आहे. त्याचे आजार दिसायला २० ते ४० वर्षे लागू शकतात, म्हणून आज त्रास नाही हे सुरक्षिततेचे लक्षण नव्हे. मात्र तुकडा अखंड असेल आणि कोणी त्याला छेडत नसेल, तर त्यातून फारसे काही उडत नाही. आपल्या बाबतीत कडा सुटत आहेत, तेव्हा फवारणीच्या बाटलीने पाण्यात थोडा भांडी धुण्याचा साबण घालून तो पूर्ण ओला करावा आणि ओला असतानाच अखंड काढून पिशवीत बंद करावा. त्यावेळी सूक्ष्म कण अडवणारा, चेहऱ्याला घट्ट बसणारा मास्क हवा, कापडी मास्कचा उपयोग नाही. मूल त्या दिवशी घरात नसावे.

कोणी काहीही सांगितले तरी या संचांवर ब्लोअर किंवा कॉम्प्रेसरची हवा मारू नका, ही माझी कळकळीची विनंती आहे. जुन्या रेडिओतील धूळ म्हणजे नुसती धूळ नसते. तिच्यात अ‍ॅस्बेस्टॉसचे तंतू, सोल्डरमधील शिसे, उंदरांची वाळलेली विष्ठा आणि चासीवरील कॅडमियमच्या मुलाम्याची पांढुरकी-पिवळसर पूड असू शकते. घरगुती व्हॅक्यूम क्लीनरच्या पिशवीतून सर्वांत बारीक कण पुन्हा बाहेर येतात. ओलसर कापड किंवा कागद वापरावा आणि तो टाकून द्यावा. चासीला सँडपेपर लावू नये.

मीटरच्या काट्यांवर रेडियमचा रंग असण्याची दाट शक्यता आहे. आता तो चमकत नाही, कारण त्यातील झिंक सल्फाइड थकलेले असते; पण रेडियम-२२६ चे अर्धायुष्य सुमारे १६०० वर्षे आहे, म्हणजे किरणोत्सर्ग जवळपास पहिल्याइतकाच शिल्लक आहे. काच शाबूत असेल तर ते मीटर झोपण्याच्या-बसण्याच्या खोलीपासून दूर, हवेशीर जागी ठेवावे. ते उघडू नये, काटे खरवडू नयेत. सुटलेला कण पोटात किंवा फुप्फुसात गेला, तर तो बाहेरून होणाऱ्या किरणोत्सर्गापेक्षा कितीतरी अधिक अपाय करतो.

क्ष-किरणांची भीती अनेकांना वाटते, म्हणून थोडक्यात सांगतो. १९६७ मध्ये अमेरिकेत काही रंगीत दूरचित्रवाणी संचांतून प्रमाणाबाहेर क्ष-किरण बाहेर पडत असल्याचे उघड झाले आणि १९६८ मध्ये तेथे त्यासाठी कायदा झाला. तो प्रश्न वीस-पंचवीस हजार व्होल्टच्या व्हॉल्व्हचा होता. आपल्या लहान ऑसिलोस्कोपबाबत ती काळजी नको.

ध्वनिलहरी

सर्वांचे मनःपूर्वक आभार. डॉक्टरांना भेटून आलो, तपासणीत काळजीचे कारण निघाले नाही. चार्जर व ऑसिलोस्कोप बंद पेट्यांत घालून बाहेरच्या कुलूपबंद कपाटात ठेवले आहेत. दोन शंका उरल्या आहेत. गरम होणारी मेन्सची तार फार लांब आहे, ती कापून आखूड केली तर चालेल का? आणि दुसऱ्या रेडिओतील सोल्डरिंगचे काम घरात मूल असताना करावे का?

जुना_दुरुस्तीकार

तार अजिबात कापू नये. तिच्यात तांब्याच्या तारांबरोबर रोधाची एक तार गुंडाळलेली असते आणि हीटरांसाठी जास्तीचे व्होल्टेज त्या तारेच्या लांबीतच खर्च होते. लांबी कमी केली, की व्हॉल्व्हना जास्त व्होल्टेज मिळते आणि उरलेली तार आणखी तापते. अशा तारांमध्ये अ‍ॅस्बेस्टॉसचे वेष्टनही असते, त्यामुळे कापण्याने ते उघडे पडते. ती अखंड काढून पिशवीत बंद करावी. तिच्या जागी काय बसवायचे, हे हीटरांचा प्रवाह आणि एकूण व्होल्टेज मोजून ठरवावे लागेल. व्हॉल्व्हचे क्रमांक येथे लिहिल्यास हिशेब करून सांगेन.

क्षार

सोल्डरिंगच्या तापमानाला शिशाची वाफ नगण्य असते. धूर येतो तो मुख्यतः फ्लक्समधील राळेचा, आणि त्याने दमा उद्भवू किंवा बळावू शकतो. त्यामुळे खिडकीजवळ, पंख्याने धूर बाहेर ओढला जाईल अशा रीतीने काम करावे. शिसे पोटात जाते ते हातांवरून आणि जमिनीवर पडलेल्या सोल्डरच्या कणांवरून, आणि रांगणाऱ्या मुलाच्या बाबतीत हाच मार्ग महत्त्वाचा आहे. टेबल व जमीन ओल्या कापडाने पुसावी, हात साबणाने धुवावेत आणि कामाचे कपडे बदलूनच मुलाला घ्यावे. शक्य असल्यास काम स्वतंत्र खोलीत करावे.

काकांच्या साहित्यात संपर्क साफ करण्याच्या द्रवाची जुनी बाटली असेल, तर तिचे झाकण उघडू नये. पूर्वी त्यासाठी कार्बन टेट्राक्लोराइड वापरत, आणि ते यकृत व मूत्रपिंडांना गंभीर इजा करते. ती बाटली, सेलेनियमची चळत, तेलाचा कपॅसिटर आणि अ‍ॅस्बेस्टॉस या चार गोष्टी वेगवेगळ्या पिशव्यांत, प्रत्येकीवर आतील द्रव्याचे नाव लिहून, घातक कचरा स्वीकारणाऱ्या अधिकृत यंत्रणेकडेच द्याव्यात. भंगारात दिल्यास त्या फोडल्या किंवा जाळल्या जातात आणि तोच धूर दुसऱ्या कुणाच्या श्वासात जातो. रेडियमचे मीटर मात्र या पिशव्यांबरोबर देऊ नये. त्यासाठी किरणोत्सर्गी पदार्थांवर देखरेख करणाऱ्या सरकारी यंत्रणेला आधी विचारावे.